थोरले चॅप्लिन

चार्ल्स चॅप्लिन या नावाचे दोन कलावंत लंडनच्या रंगमंचावर होऊन गेले. धाकट्याला जग ओळखते. थोरले चार्ल्स चॅप्लिन (१८६३-१९०१) हे त्याचे वडील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते तिथल्या म्युझिक हॉलमध्ये गात, काही वर्षे त्यांचे नाव चांगले चालले, आणि अडतिसाव्या वर्षी दारूने त्यांचा बळी घेतला. मुलगा तेव्हा नुकताच बारा वर्षांचा झाला होता. तान्हेपण सोडले तर या बारा वर्षांत बापलेक एका छपराखाली राहिले ते जेमतेम दोन महिने. त्याखेरीज रंगमंचावर लांबून झालेले दर्शन, रस्त्यातली एक ओझरती गाठ आणि पबमधली शेवटची भेट, एवढाच हिशेब. १९६४ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, चॅप्लिन यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले तेव्हा एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर त्यांनी वडिलांचे जे चित्र उभे केले, ते मायेने काढलेले आहे. विशेष म्हणजे त्या मायेपोटी त्यांनी काहीही झाकलेले नाही. दारू, बेजबाबदारपणा, हात उगारणे हे सगळे तिथे आहे.

या माणसाला समजून घ्यायचे तर त्याचा धंदा आधी पाहावा लागतो. म्युझिक हॉल हा प्रकार जन्मला तोच पबच्या पोटी. गिऱ्हाइकांनी जास्त वेळ बसावे, जास्त प्यावे म्हणून पबचे मालक मागच्या दालनात गाण्याचा कार्यक्रम ठेवू लागले. हळूहळू ते दालन वाढले आणि त्याचे नाटकगृह झाले. लंडनच्या लँबेथ भागात १८५२ साली सुरू झालेला कँटरबरी हॉल हा यातला गाजलेला आरंभ. एकामागून एक गायक, नकलाकार, कसरतपटू, नर्तक येत, प्रत्येकाला काही मिनिटे मिळत, आणि चलतीतला कलावंत एका रात्रीत दोन-तीन हॉल गाठत असे. प्रेक्षागृहात टेबले मांडण्याची पद्धत पुढे मागे पडली, पण बार राहिला. आपला कार्यक्रम आटोपला की कलावंताने बारमध्ये जाऊन गिऱ्हाइकांबरोबर प्यावे, ही जवळजवळ अटच असे. कित्येक हॉलना तिकिटांपेक्षा बारमधून जास्त मिळकत होई. काही नामवंतांना मोठे मानधन मिळे ते केवळ गुणांपायी नव्हे; त्यातला बराचसा पैसा ते त्याच बारमध्ये परत करत, हेही त्यामागचे कारण होते, असे चॅप्लिन लिहितात. वडिलांच्या व्यसनाची त्यांनी केलेली ही मीमांसा आहे. तिच्यात थोडी वकिली आहे हे खरे, पण ती खोटी नाही. त्या पिढीतले अनेक गायक याच वाटेने गेले.

थोरल्या चॅप्लिन यांचा आवाज मध्यम पट्टीचा आणि हलका होता. त्यांच्या गाण्यांची छापील स्वरलिपी विकली जाई आणि मुखपृष्ठावर त्यांचे चित्र असे, ही त्या काळी लोकप्रियतेची खूण होती. १८९० साली ते न्यूयॉर्कलाही गाऊन आले. मुलाच्या सांगण्याप्रमाणे त्यांची मिळकत आठवड्याला चाळीस पौंडांपर्यंत जाई. कुशल कारागिराला तेव्हा आठवड्याला दोन पौंडांच्या आतबाहेर मिळत, हे लक्षात घेतले तर हा आकडा डोळे विस्फारायला लावतो. तो थोडा फुगलेलाही असू शकेल, कारण बापाच्या वैभवाचे आकडे मुलांच्या तोंडी सहसा कमी होत नाहीत.

१८८५ साली त्यांनी हॅना हिल हिच्याशी लग्न केले. तीही रंगमंचावर गात असे. तिथे तिचे नाव लिली हार्ले. तिला आधीचा सिडनी हा मुलगा होता, त्याला चॅप्लिन हे आडनाव मिळाले. १८८९ च्या एप्रिलमध्ये चार्लीचा जन्म झाला आणि पुढच्या एकदोन वर्षांतच संसार मोडला. दोष सगळा एका बाजूचा नव्हता. १८९२ साली हॅनाला लिओ ड्रायडन या गायकापासून आणखी एक मुलगा झाला. आत्मचरित्रात हॅनाचे चित्र इतके उजळ आहे की ही बाजू वाचकाच्या सहज ध्यानात येत नाही. वडील आपल्याबरोबर राहत होते हे मात्र आठवतच नाही, असे चॅप्लिन स्वच्छ सांगतात. त्यात नवल नाही, कारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे प्रसंग मोठेपणी सहसा कोणालाच आठवत नाहीत.

घर सोडलेल्या बापाची पुढची ओळख मुलांना झाली ती पैशांच्या रूपाने, म्हणजे पैसे न येण्याच्या रूपाने. आठवड्याला दहा शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड, यायचे ठरले होते. ते आधी अनियमित झाले, मग थांबले. हॅनाचा आवाज बसला, कामे बंद झाली, भाड्याने आणलेल्या यंत्रावर शिवणकाम करून ती दिवस काढू लागली. १८९६ साली ती दोन्ही मुलांसह वर्कहाउसमध्ये, म्हणजे सरकारी गरीबखान्यात, दाखल झाली. चार्ली सात वर्षांचा होता. तिथून मुलांची रवानगी लंडनबाहेर हॅनवेलच्या शाळेत झाली.

इंग्लंडच्या गरीब-कायद्यानुसार बायकामुलांना पोसणे ही नवऱ्याची जबाबदारी होती. ती त्याने टाळली आणि कुटुंब सरकारी खर्चावर पडले, तर गरीबखान्याचा कारभार पाहणारे पालकमंडळ त्याच्याकडून वसुली करू शकत असे. थोरल्या चॅप्लिन यांच्याबाबतीत नेमके तेच घडले. मुलांच्या खर्चाचा हप्ता ठरवून दिला गेला, तो थकला आणि त्यांच्यावर वॉरंट निघाले. चरित्रकार डेव्हिड रॉबिन्सन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रासाठी ही सगळी सरकारी दप्तरे धुंडाळली. त्यांत दिसणारा माणूस वाईटच दिसतो. नोंदवहीत थकबाकी लिहायला रकाना असतो, एवढेच त्या कागदांविषयी म्हणता येईल.

मुलाच्या स्मरणातला पहिला खरा प्रसंग केनिंग्टन रोडवरचा आहे. रस्त्याच्या कडेच्या एका घराच्या बागेतून वडील एका बाईबरोबर बाहेर पडत होते. चार्ली थबकून पाहत राहिला. वडिलांनी त्याला जवळ बोलावून नाव विचारले. मुलाने भोळेपणाचा आव आणून उत्तर दिले, चार्ली चॅप्लिन. वडिलांनी बाईकडे सूचक नजरेने पाहिले, खिशात हात घातला आणि अर्ध्या क्राउनचे नाणे त्याच्या हातावर ठेवले. अडीच शिलिंगांचे ते नाणे घेऊन मुलगा धावत घरी गेला आणि वडील भेटल्याचे आईला सांगितले. बापाने पोटच्या पोराला नाव विचारावे, याची चीड या कथनात कुठेही नाही. उलट, मुलाने बापाला ओळखले होते आणि तो मुद्दाम साळसूद राहिला होता, याची गंमत चॅप्लिन चवीने सांगतात. विनोदी नट म्हणून पुढे त्यांनी जे केले त्याचा हा लहानसा नमुनाच म्हणायचा.

१८९८ च्या सप्टेंबरात हॅनाची मानसिक स्थिती ढासळली आणि तिला केन हिलच्या वेड्यांच्या इस्पितळात हलवण्यात आले. मुले कायद्याने बापाच्या हवाली झाली. २८७, केनिंग्टन रोड या घरात थोरले चॅप्लिन लुईझ नावाच्या बाईबरोबर आणि त्या दोघांच्या चार वर्षांच्या मुलाबरोबर राहत होते. लुईझही पिई. दुसरीची दोन पोरे अचानक गळ्यात पडल्याचा तिचा राग बहुतेक सिडनीवर निघे. तो तर तिच्या जोडीदाराचा मुलगाही नव्हता. वडील दौऱ्यावर असताना एकदा ही दोन मुले पहाटे तीन वाजता रखवालदाराच्या शेकोटीपाशी झोपलेली पोलिसांना सापडली आणि बालसंरक्षण संस्थेची माणसे लुईझची कानउघाडणी करून गेली.

याच घरातल्या वडिलांच्या आठवणी पुस्तकात सर्वांत बारकाईने आल्या आहेत. चढलेली उतरेपर्यंत झोपून राहायचे, पोर्ट वाइनमध्ये कच्ची अंडी घालून प्यायची, घन अन्नाला क्वचितच शिवायचे आणि संध्याकाळी थिएटर गाठायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. मात्र कधीतरी स्वारी खुशीत असे. मग ती रंगमंचावरच्या किश्शांनी सगळ्यांना हसवी, इतर कलावंतांच्या नकला करी. जेवणाच्या टेबलावर मुलगा त्यांच्याकडे टक लावून बघत राही. मांस कापताना ते सुरी लेखणीसारखी धरत. ती लकब चार्लीने उचलली आणि पुढे कित्येक वर्षे तोही सुरी तशीच धरत राहिला.

सुरी धरण्याची ही आठवण सगळ्या पुस्तकात मोलाची आहे. वडिलांनी मुलाला तसे काही शिकवले नव्हते. मुलाने परवानगी न घेता ते उचलले होते. अशी नजर त्याच्याकडे आली होती आईकडून. हॅना खिडकीशी बसून रस्त्याने जाणाऱ्या माणसांच्या चाली-हालचालींवरून त्यांची मनःस्थिती ओळखायची आणि हुबेहूब करून दाखवायची. निरीक्षणाचे पहिले धडे तिथे मिळाले, असे चॅप्लिन आवर्जून सांगतात. आईने घडवलेली ती नजर मग वडिलांवर रोखली गेली.

त्याच घरातली दुसरी आठवण अगदी वेगळ्या जातीची आहे. एका भांडणात वडिलांनी कपडे झाडायचा जड ब्रश लुईझच्या दिशेने भिरकावला. तो तिच्या तोंडावर बसला आणि ती बेशुद्ध होऊन कोसळली. लुईझने या मुलाला सुख दिलेले नव्हते, तरी तो हादरला, आणि वडिलांविषयीचा त्याचा आदर त्या क्षणी उणावला. चॅप्लिन हे तितक्याच साध्या शब्दांत नोंदवतात. सुरीची लकब आणि ब्रशचा मार एकमेकांपासून फार दूर नाहीत, आणि एकाने दुसरे पुसले जावे असा प्रयत्नही लेखकाने केलेला नाही.

इतक्या थोड्या सहवासातल्या आठवणी इतक्या ठळक का राहतात, याची काही कारणे मानसशास्त्रात सापडतात. रोज घडणाऱ्या गोष्टी स्मृतीत सुट्या राहत नाहीत. शंभर वेळा वाढलेल्या वरणभातासारख्या त्या एकमेकींत मिसळून जातात आणि उरते ते त्यांचे सर्वसाधारण रूप. वेगळी पडलेली गोष्ट मात्र चटकन लक्षात राहते. हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ साली जर्मनीत प्रयोगांनी हे दाखवून दिले आणि तो परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. नेहमी घरी असणारा बाप अशा रीतीने सवयीत विरघळतो. क्वचित येणाऱ्या बापाची प्रत्येक भेट वेगळी राहते, तिला तारीख नसली तरी जागा, वास, कपडे, नाणे असते. हॅनाने मुलांसाठी ज्या खस्ता खाल्ल्या त्यांतल्या बहुतेक अशाच विरघळल्या असणार. आठवणींच्या या व्यवहारात रोज राबणाऱ्याचे नुकसान होते, हे मान्य केले पाहिजे.

दुसरे कारण भावनांच्या विरण्याचे. प्रसंग आठवत राहतो, पण त्याच्याशी जोडलेली कडू भावना गोड भावनेपेक्षा लवकर फिकी पडते, असे आत्मचरित्रात्मक स्मृतीच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा आढळले आहे. नियम सरसकट नाही. खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्यांत तो दुबळा पडतो. पण सत्तरी ओलांडलेला माणूस नऊ वर्षांच्या वयाकडे पाहतो तेव्हा उपाशी रात्रीची कळ बोथट झालेली असते आणि नकला करणाऱ्या वडिलांचे हसू टिकून असते, याचा उलगडा त्यातून काही अंशी होतो.

तिसरी गोष्ट अशी की आठवण दर वेळी नव्याने रचली जाते. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालच्या ग्रंथात हा विचार मांडला. त्याचा पुरावा चॅप्लिन यांच्या पुस्तकातच आहे. वडिलांच्या घरी राहत असताना एका रात्री उपाशीपोटी भटकताना केनिंग्टन क्रॉसपाशी हार्मोनियम आणि क्लॅरिनेटवर वाजणारे एक गाणे ऐकले आणि संगीत म्हणजे काय ते पहिल्यांदा उमगले, असे ते सांगतात. गाण्याचे नाव ते देतात ‘द हनीसकल अँड द बी’. हे गाणे १९०१ सालचे आहे, वडिलांकडचा मुक्काम १८९८ चा. म्हणजे दोन काळ एकमेकांत शिरले आहेत. गाणे निराळे असेल किंवा ती रात्र निराळी असेल. १९०१ हे वडिलांच्या मृत्यूचे साल आहे, हा निव्वळ योगायोगही असू शकतो आणि त्यावर इमला उभारण्याचे कारण नाही.

आठवण घडवण्यात आईचाही वाटा होता आणि तो दुपेडी होता. मन प्रसन्न असले की हॅना नवऱ्याविषयी विनोदाने बोले, त्यांच्या चेहऱ्यात नेपोलियनची झाक होती असे सांगे. राग आला की चार्लीला बजावी की तूही बापासारखा गटारात लोळशील. मुलाने दोन्ही ऐकले. पुस्तकात वडील पहिल्यांदा येतात ते नेपोलियनसारखे दिसणारे, काळ्याभोर डोळ्यांचे, अबोल आणि आत कुठेतरी हरवलेले गृहस्थ म्हणून. म्हणजे आईच्या बऱ्या दिवसांतल्या वर्णनासह.

१८९८ च्याच नोव्हेंबरात हॅना बरी होऊन परतली आणि मुलांना घेऊन गेली. त्यानंतर वडिलांनी मुलासाठी एक गोष्ट केली, बहुधा एकमेव ठोस गोष्ट. ‘एट लँकेशायर लॅड्स’ नावाचे मुलांचे एक नृत्यपथक विल्यम जॅक्सन चालवत आणि ते थोरल्या चॅप्लिन यांच्या ओळखीचे होते. वडिलांच्या शब्दावर चार्लीला तिथे प्रवेश मिळाला. लाकडी तळाच्या बुटांचा नाच शिकायचा, गावोगाव फिरायचे, राहण्या-खाण्याची सोय पथकाकडे आणि आठवड्याला अर्धा क्राउन आईला. व्यावसायिक कलावंत म्हणून चॅप्लिन यांचे आयुष्य १८९८ च्या अखेरीस इथून सुरू होते. पोटगी बुडवणाऱ्या माणसाने मुलाला पोटापाण्याचा धंदा मात्र मिळवून दिला. त्याच्यापाशी देण्यासारखे तेवढेच होते.

शेवटची भेट १९०१ च्या वसंतातली. केनिंग्टन रोडवरच्या ‘थ्री स्टॅग्ज’ पबवरून जाताना वडील आत आहेत का हे पाहावे म्हणून चार्लीने दार किलकिले केले. ते कोपऱ्यात बसले होते आणि त्याला पाहून त्यांचा चेहरा उजळला. अंग सुजलेले, डोळे खोल गेलेले. श्वासाचा त्रास कमी व्हावा म्हणून एक हात नेपोलियनच्या ऐटीत जाकिटात खुपसलेला. त्यांनी हॅनाची, सिडनीची चौकशी केली आणि निघताना मुलाला मिठीत घेऊन त्याचा मुका घेतला. तसे त्यांनी आयुष्यात प्रथमच केले होते. पुढे तीनेक आठवड्यांनी त्यांना सेंट टॉमस रुग्णालयात न्यावे लागले, तेही आधी दारू पाजून, कारण शुद्धीत असते तर ते गेले नसते. ९ मे १९०१ रोजी ते वारले. यकृत निकामी झाले होते आणि अंगात पाणी भरले होते. आफ्रिकेतून आलेल्या एका भावाने अंत्यविधीचा खर्च उचलला, पण टूटिंगच्या दफनभूमीत जागा मिळाली ती कंगालांच्या भागात.

त्यानंतरचा प्रकार खास चॅप्लिन-छापाचा आहे. बाहीवर काळी फीत बांधून हा मुलगा पबापबांतून नर्गिसाच्या फुलांच्या जुड्या विकू लागला. कोण गेले असे बायका विचारत. तो दबक्या आवाजात वडील म्हणून सांगे, आणि फुलांच्या किमतीवर वरकड पैसे मिळत. दुःख खरे होते आणि त्याचा उपयोग कसा होतो हेही त्याला कळले होते. मुलगा पबमधून बाहेर पडताना हॅनाने पाहिला तेव्हा हा धंदा बंद झाला. दारूने बाप गेला, त्या जागचा पैसा लाभणार नाही, असे तिचे म्हणणे. आलेले पैसे मात्र तिने ठेवून घेतले.

वडिलांच्या छायेचा माग चित्रपटांत काढताना तारतम्य ठेवावे लागते. १९०८ साली चॅप्लिन फ्रेड कार्नो यांच्या मंडळीत गेले आणि तिथे गाजले ते ‘ममिंग बर्ड्स’ या प्रहसनातल्या दारुड्या प्रेक्षकाच्या भूमिकेने. दृश्य म्युझिक हॉलचेच होते. १९१६ च्या ‘वन ए.एम.’ मध्ये जवळजवळ सारा वेळ पडद्यावर एकटा झिंगलेला माणूस आहे. दारुड्याची चाल, तोल सावरण्याची त्याची धडपड, सभ्य दिसण्याचा त्याचा आटापिटा या सगळ्याचे शिक्षण त्यांच्या लहानपणीच्या लँबेथमध्ये फुकट मिळत होते आणि वडील हा त्यातला एक नमुना होता. ‘सिटी लाइट्स’ (१९३१) मधला लक्षाधीश मात्र जास्त विचार करायला लावतो. प्यायलेला असताना तो चॅप्लिन यांनी साकारलेल्या भटक्याला गळामिठी घालतो, घरी नेतो, पैसे देतो. शुद्धीवर आला की त्याला ओळखतही नाही. केनिंग्टन रोडवरचे नाव विचारणे आणि नाणे देणे इथे आठवल्यावाचून राहत नाही. चॅप्लिन यांनी स्वतः असा दुवा जोडलेला नाही, हेही सांगायला हवे. ‘द किड’ (१९२१) मध्ये तर रस्त्यात सापडलेल्या पोराला माळ्यावरच्या खोलीत वाढवणारा बाप त्यांनी स्वतःच उभा केला आणि अनाथालयाच्या माणसांच्या तावडीतून पोराला सोडवून आणण्याची धावपळही त्याच्याकडून करवून घेतली.

‘लाइमलाइट’ (१९५२) हा सगळ्यांत उघड धागा. त्यातला काल्व्हेरो हा एके काळचा म्युझिक हॉल गाजवणारा, आता दारूत बुडालेला विनोदी नट. कथा १९१४ च्या लंडनमधली आहे. या पात्रामागे म्युझिक हॉलच्या आणखीही काही विस्मृत कलावंतांची आठवण आहे, पण अभ्यासक थोरल्या चॅप्लिन यांचे नाव हमखास घेतात. काल्व्हेरोला त्याचा व्यवसायच प्यायला लावतो आणि दारू त्याचा व्यवसाय संपवते. वडिलांविषयी आत्मचरित्रात येणारी मीमांसा बारा वर्षे आधी अशी पडद्यावर येऊन गेली होती. काल्व्हेरोची भूमिका चॅप्लिन यांनी स्वतः केली. त्यांचा मुलगा सिडनी त्यात तरुण संगीतकार आहे, आणि जेराल्डिन, मायकेल आणि जोसेफिन ही धाकटी मुले सुरुवातीच्या दृश्यात रस्त्यावर उभी दिसतात.